बाटलीतलं पाणी

माणसाच्या पोटातला तुकडा एसटीनं प्रवास करतो, हे पुष्कळ शहाण्यांना ठाऊक नसतं. तो उदगीरहून येतो, मुखेडहून येतो, लातूरहून अहमदपूर-लोहा करत येतो. कुणाच्या मांडीवर, कुणाच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याला खेटून. बाटलीचंही तसंच. टॉनिकची, लोणच्याची, डोळ्यांच्या औषधाची. एकदा तर फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत एक गाठ आली होती आणि आणणारा गडी छाती फुगवून म्हणाला होता, "झाकण लई घट्ट हाय ताई, थेंब गळू दिला न्हाई."

नांदेडात हे सगळं ज्या हातात येऊन पडायचं तो हात सिंधु सूर्यवंशीचा. दवाखान्यांच्या गल्लीत, मेडिकलच्या दुकानावर, मालविका मॅडमची लॅब होती. पुढच्या खोलीत व्यंकट रक्त-लघवी बघायचा. मागच्या खोलीत खिडकीला पंखा उलटा बसवलेला होता, म्हणजे आतली वाफ बाहेर फेकली जावी. तिथं सिंधु. फॉर्मालिननं तिचे डोळे कायम लाल असायचे. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, ही बाई रोज रडते. रडणाऱ्यातली नव्हती ती. रडवणाऱ्यातली होती.

काम असं. शरीरातून काढलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे. ते झोंबणारं पाणी मांसाला नासू देत नाही, घट्ट करतं. मग त्यातला ओलावा स्पिरिटनं काढायचा, आणखी एका रसायनातून न्यायचा आणि वितळलेल्या मेणात बुडवायचा. मेण थिजलं की बोटाच्या पेराएवढा ठोकळा होतो, आत तुकडा. तो ठोकळा यंत्रावर लावून पात्यानं कापायचा, इतका पातळ की काप म्हणजे दुधावरच्या सायीचंही भूत. ती पट्टी कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेवर उचलायची, गुलाबी-जांभळी रंगवायची. मग मॅडमनी डोळा लावायचा आणि काय आहे ते सांगायचं. ठोकळा कपाटात जायचा, वर्षानुवर्षं. हाताच्या उबेनं मेण मऊ पडतं आणि काप नीट येत नाहीत, म्हणून ठोकळा उगाच मुठीत धरलेला सिंधुला खपायचा नाही. व्यंकटनं एकदा धरला तर म्हणाली, "अंडं हाय का ते, उबवायलास?"

लोक विचारायचे ते ऐकून कुणाचीही मती गुंग व्हावी. मुखेडकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "ताई, तपासून झालं की हे परत बसवतेत का?"

"बसवतेत ना बाबा. तुमी टोक धरा, मी टाके घालते."

म्हातारा हसला, मग तिनं त्याला बाकावर बसवून सगळं समजावून सांगितलं. असं समजावणं तिला मूड असला तर जमायचं. बाकी तिची जीभ म्हणजे खळ्यावरचा कोयता. कुणी तुकडा कोरडा आणला, कुणी साध्या पाण्यात घालून आणला, कुणाच्या बाटलीतलं फॉर्मालिन पिशवीत सांडून गेलं, की तिचं डोकं सटकायचं. नासलेल्या मांसातून काही दिसत नाही. माणसाला पुन्हा कापावं लागतं. ती थेट त्या गावच्या दवाखान्यात फोन लावून कंपाउंडरची बिनपाण्यानं करायची. "पाणी सांडलं" हे दोन शब्द तिच्या कानाला विंचवासारखे होते. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्या पाण्यानंच केलं.

सिंधुचं गाव औसा तालुक्यातलं, भूकंपात गेलेलं. ती तेव्हा नांदेडला लॅबचा कोर्स करत होती. खडी वाहणाऱ्या ट्रकमध्ये बसून गावाच्या वेशीपर्यंत आली आणि वेस कुठली ते तिला ओळखता येईना. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. आई-वडील गेले. मोठा भाऊ शेषेराव वाचला, कारण खळ्यावर उडीद पडला होता म्हणून तो शेतात झोपला होता. वहिनी उमाबाई वाचली, कारण ती थोरल्या लेकीला, ऋतुजाला, घेऊन भावाच्या लेकराच्या बारशाला माहेरी मुखेडला गेली होती. धाकटी चिमी मात्र आजीला सोडून यायला तयार नव्हती. रडून रडून तिनं घर डोक्यावर घेतलं, म्हणून उमाबाईनं तिला ठेवलं.

उमाबाई परत पोचली तेव्हा राख गार झाली होती. मढी एवढी होती, पाऊस चालू होता, रोगराईची भीती होती. पडक्या घरांची लाकडं रचून, रॉकेल ओतून, सगळ्यांना एकत्र अग्नी दिला होता. कोण कुठं, कुणालाच माहीत नव्हतं. दूधपित्या, चालत्या लेकरांना आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. उमाबाईनं छाती बडवली नाही, हंबरडा फोडला नाही. तिनं नवऱ्याला एकच विचारलं.

"चिमीला माती दिली का?"

पुढं मलबा उपसताना चिमीच्या एका पायातलं पैंजण सापडलं. उमाबाईनं ते पदरात बांधलं आणि जिथं त्यांच्या घराचा उंबरा होता तिथं हातांनी माती उकरून पुरलं. त्याच उंबऱ्याआड शेषेरावची नाळ पुरलेली होती, सासूनं दाखवलेली जागा होती. नंतर गाव दोन कोसांवर नव्या जागी उठलं. सारख्या घरांच्या सरळ रांगा, सरकारी रंग. जुन्या गावात बाभळी माजल्या. उमाबाई अमावस्येला तिथं जायची, उंबऱ्याच्या जागेवर पाणी घालून यायची. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही.

वर्षं गेली. ऋतुजा दहावीला तालुक्यात पहिली आली आणि साऱ्या गावानं ठरवून टाकलं की पोरगी डॉक्टर होणार. तेव्हा लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं. जिकडं बघावं तिकडं गठ्ठ्यानं पोरं, हातात झेरॉक्स, सायकलींच्या रांगा, भिंतीवर गुणवंतांचे फोटो. ऋतुजाला होस्टेलवर ठेवली आणि पावसाळ्यात तिथल्या पाण्यानं अख्ख्या मजल्याला कावीळ झाली. ऋतुजाचे डोळे हळदीसारखे. लातूरच्या दवाखान्यात रक्त काढलं, लघवी घेतली, आणि सांगितलं, दूषित पाण्याची कावीळ आहे, उतरेल. उतरली. पण उमाबाईनं ठाणच मांडलं. एक खोली भाड्यानं घेतली आणि लेकीला हातची भाकर घालायला लातुरात राहिली. त्या गल्लीत अशा कितीतरी आया होत्या, घरदार सोडून स्टोव्हपुढं बसलेल्या. संध्याकाळी ओट्यावर जमायच्या आणि फिजिक्सला कुणाचे सर चांगले यावर भांडायच्या.

शेषेराव गावात एकटा. हातानं करून खायचा, नाहीतर खायचाच नाही. छातीखाली जळजळ व्हायची, सोडा प्यायचा. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं. धोतर ढिलं होऊ लागलं. उमाबाई महिन्याकाठी गावी गेली तर तिला नवऱ्याच्या गळ्याची हाडं दिसली. तिनं त्याला धरून लातूरला आणलं. डॉक्टर म्हणाले, दुर्बीण घालून बघू.

हे फोनवर कळलं तेव्हा सिंधुनं क्षणाचाही विचार केला नाही. दुर्बिणीतून काढलेला तुकडा तपासायची सोय लातुरातही होती. पण सिंधु म्हणाली, "लातूरला देऊ नका. तुकडा माझ्याकडं पाठवा. माझ्या भावाचं काम मी माझ्या हातानं करीन." यात माया होती आणि मिजासही होती. सूर्यवंश्यांच्या घरातली ही एकच पोर शिकली होती आणि तिला ते दाखवायचं होतं, यात खोटं काय?

मग तिनं वहिनीला फोनवर बोलावून घेतलं. "वहिनी, कंपाउंडर बाटली देईल. जपून आणा. आन् एक ध्यानात ठेवा, त्यातलं पाणी सांडू देऊ नका. काहीबी झालं तरी पाणी सांडू देऊ नका."

"हाव," उमाबाई म्हणाली. "न्हाई सांडू देत."

शेषेरावच्या नरड्यातून नळी गेली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, उमासे, दोघांनी हात धरलेले. बाहेर आल्यावर म्हणाला, "एकदा झालं ते झालं. पुन्हा मला इथं आनलंस तर हिरीत उडी घीन." मलप्पा नावाच्या कंपाउंडरनं उमाबाईच्या हातात छोटी बाटली दिली. "नांदेडला द्या." बस्स. एवढंच. रांगेत माणसं उभी होती.

शेषेरावला चक्कर येत होती म्हणून उमाबाई त्याला घेऊन आधी गावी गेली आणि दुसऱ्या दिवशी नांदेडची गाडी धरली. लॅबच्या जिन्यावर तिला धाप लागली होती. पदराच्या गाठीतून तिनं बाटली सोडली. नखांत काळी माती होती. सिंधुला वाटलं, रानातनं आली बिचारी, तशीच.

सिंधुनं बाटली उजेडाला धरली. पाणी काठोकाठ होतं. पाण्यात काही नव्हतं.

तिनं बाटली हलवली. झाकण बघितलं, झाकणाला आतून चिकटलंय का ते बघितलं. सगळं पाणी बारीक जाळीच्या कापडातून गाळलं, कापड भिंगाखाली धरलं. ओठ घट्ट मिटून तिनं पुन्हा एकदा गाळलं. उमाबाई बाकावर बसून कौतुकानं बघत होती, की आपल्या नणंदेला किती बारकावा आहे.

"सांडलं न्हाई ना वन्सं?" तिनं विचारलं.

"न्हाई वहिनी, पाणी न्हाई सांडलं," सिंधु म्हणाली, तिला व्यंकटबरोबर स्टँडवर धाडलं आणि मग फोनकडं गेली.

तो फोन गल्लीत खालपर्यंत ऐकू गेला असणार.

"मलप्पा बोलायलास का? रिकामी बाटली पाठवलीस का रे?"

"रिकामी कशी ताई? माझ्या हातानं टाकलेत तुकडे. चांगले तांदळाएवढे. गणपतीची शप्पत."

"शप्पत खाऊ नको, तुकडे खाल्लेस का तेवढं सांग!"

"ताई, तोंड सांभाळून बोला. मी बी बालबच्चेवाला हाय."

"तुझे बालबच्चे तुला लखलाभ. माझा एकच भाऊ राहिलाय!"

मालविका मॅडम आतून बाहेर आल्या. सावकाश बोलणारी बाई. म्हणाल्या, "सिंधु, आधी नीट चौकशी कर. भांडण उद्याही करता येतं." पण ज्या माणसाची अर्धी वंशावळ एका रात्रीत गेली त्याला उद्यावर भरवसा कसा बसावा? सिंधुनं त्या रविवारी गाव गाठलं आणि भावाला सांगून टाकलं, "दादा, चोर हायत ते. तुकडा घेतलाच न्हाई. रिकाम्या बाटलीत पाणी भरून दिलं."

शेषेराव खाटेवर उठून बसला. "म्हंजे? माझ्या नरड्यात नळी घालून काय गंमत बघितली का त्यांनी?"

"तू नांदेडला चल. तिथं ओळखीचे डॉक्टर हायत, पुन्हा—"

"पुन्हा? सिंधे, तुझ्याच तोंडानं म्हनायलीस, चोर हायत. आन् पुन्हा चोराच्याच दारात?" तो हसला, त्या हसण्यानंच त्याला कळ आली. "आता न्हाई. पोरीची परीक्षा होऊ दे, मंग बगू. तिला कळता कामा नये. कळलं तर समदं पाठ केलेलं इसरंल."

उमाबाई चुलीपाशी होती. फुंकणीच्या आवाजात तिला 'चोर' एवढंच नीट ऐकू आलं. डॉक्टरनं चोरी केली असं तिलाही वाटलं. कसली चोरी, ते तिला उमगलं नव्हतं. शिकलेल्या लोकांची भांडणं शिकलेल्या लोकांना कळतात, असं तिला वाटत आलं होतं.

कुणीतरी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि त्यानं जळजळ थांबली. शेषेराव भाकर खाऊ लागला. हिवाळाभर त्याचा निरोप यायचा, "बगा, काय बी न्हाई झालं." सिंधु ओळखून होती की गोळीनं जळजळ थांबते, आतलं थांबतंच असं नाही. ती फोनवर भांडायची, तो फोन ठेवून द्यायचा. मुळात त्याच्या मनातला तो काटा तिनंच रोवला होता, आता तिलाच उपटता येईना. लातूरच्या खोलीत ऋतुजा पेशींची चित्रं काढून भिंतीला चिकटवत होती. केंद्रक, पटल, सगळं रंगीत पेन्सिलीनं. बाप कसा आहे विचारलं की आई म्हणायची, "रानात हायत. बरे हायत."

परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या आठवड्यात शेषेरावच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना.

नांदेडच्या दवाखान्यात दुर्बीण झाली. या वेळी त्यानं विहिरीचं नाव काढलं नाही, तोंड उघडायलाही त्याला आधार लागला. सिंधु लॅबमध्येच थांबली होती, तिला भावाचे उमासे बघवले नसते. उमाबाई बाटली घेऊन जिना चढली. दोन्ही हातांत धरली होती, देवापुढं दिवा नेतात तशी. या खेपेला तळाशी पांढुरके बारीक कण बसलेले दिसत होते.

सिंधुनं हात पुढं केला. उमाबाईनं बाटली दिली नाही.

"वन्सं, एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"बोला की वहिनी."

"पानी तुमी घ्या. मास तेवढं मला द्या. मागचं ठिवलंय तितंच ठिवते. ह्यांचं येगळं येगळं नको व्हायला."

सिंधुला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय. "मागचं काय वहिनी?"

"मागचं मास. लातूरला काढलं ते." उमाबाई अगदी सरळ सांगत होती, कुणी घरातली गोष्ट सांगावी तशी. "बाटलीत बघितलं तर ह्यांचं मास. जित्त्या मानसाचं मास गावकुसाबाहेर कसं धाडू? चिमीचं तसंच झालं. एवढंसं बी हाती आलं न्हाई. म्हून म्या पहाटं उटून जुन्या गावात गेले, आन् पैंजनापाशी ठिवलं. तितंच ह्यांची नाळ बी हाय. मंग गाडीला बसले."

"आन् बाटली?"

"बाटली काय, तुमीच म्हनला होता की, पानी सांडू देऊ नका. म्या काटकीनं मास काढलं, पन पानी थेंबभर सांडू दिलं न्हाई वन्सं. ऋतुजाच्या काविळीला बी रगत नेलं, लघवी नेली. समदं पातळच तपासतेत तुमी. म्या म्हनलं, रोग पान्यात उतरत आसंल, चहाचा उतरतोय तसा. मासाचं काय काम?"

पुढच्या खोलीत रक्त फिरवायचं व्यंकटचं यंत्र गुणगुणत होतं. हिवाळा सगळा सिंधुच्या डोळ्यांपुढून गेला. मलप्पाची गणपतीची शपथ गेली. खाटेवर बसून हसणारा भाऊ गेला.

एक वाक्य. त्या बाटलीत काय आहे, कशासाठी आहे, यातलं कशाला जपायचं, एवढं एक वाक्य त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं. दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरनं नाही, बाटली देणाऱ्या मलप्पानं नाही. ते लोक परके होते, त्यांच्या दारात रांगा होत्या. पण जी रोज परक्या म्हाताऱ्यांना बाकावर बसवून सांगायची तिनं आपल्या वहिनीला फोनवर काय सांगितलं? पाणी सांडू देऊ नका.

उमाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"चुकलं का वो माझं काही?"

या गल्लीत सिंधुनं कुणालाही सोडलं नव्हतं. कंपाउंडर, कंडक्टर, पान खाऊन जिन्यात थुंकणारा शेजारचा वकील, सगळ्यांना तिनं तोंडावर खरं सुनावलं होतं. त्याच तोंडानं ती म्हणाली, "न्हाई वहिनी. तुमचं काय चुकलं? पण आता तपासायची तऱ्हा बदललीय. ह्या वेळी मास बी लागतंय."

"आसं व्हय," उमाबाई म्हणाली आणि तिनं बाटली दिली. "मंग झाल्यावर द्या."

भावाचं काम तिनं तिच्या हातानं केलं, म्हटलं होतं तसं. मेणात ते कण नीट उभे बसवले. यंत्राचं चाक सावकाश, एका लयीत फिरवलं. पट्टी कोमट पाण्यावर सुरकुतीशिवाय पसरली. मॅडमनी काच लावली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाल्या, "बस, सिंधु." सिंधु बसली नाही, वाकून बघितलं. गुलाबी रानात फुगलेल्या गोल पेशी होत्या. प्रत्येकीचा जांभळा ठिपका एका कडेला दाबलेला, खड्याच्या अंगठ्या कुणी उधळून टाकाव्यात तशा. कॅन्सरच्या या पेशींना अंगठीवरूनच नाव आहे, हे तिला ठाऊक होतं. कितीतरी लोकांच्या पोटातल्या तिनं पाहिल्या होत्या. आजपर्यंत त्या तिला देखण्या वाटायच्या.

पोट उघडलं आणि तसंच शिवलं. सर्जन म्हणाले, फार पसरलंय. आधी आले असते तर असं ते म्हणाले नाहीत, आणि सिंधुनं विचारलं नाही.

ऋतुजाला लातुरातून आणलं. पोरगी दाराशीच थबकली. खाटेवरचा माणूस आपला बाप आहे हे पटायला तिला वेळ लागला. मग ती आईवर नाही, आत्यावर उलटली. "तू तर त्यातली होतीस ना आत्या? तुला म्हाईत होतं ना? मी तिकडं पेशींची चित्रं रंगवायले होते!" सिंधुनं मान खाली घातली. तिला खाली बघताना ऋतुजानं कधी पाहिलं नव्हतं.

शेषेराव मृग लागायच्या आत गेला. नव्या गावात त्याला रीतसर, एकट्याला, अग्नी दिला. सावडायला गेलेल्या उमाबाईनं राखेतली हाडं ओंजळीत घेतली आणि तिथं जमलेल्या बायकांना म्हणाली, "ह्येंचं तरी समदं मिळालं." मग थांबली, आठवून म्हणाली, "तेवढं सोडून."

त्या पंधरवड्यात सिंधु लातूरला उतरली आणि मलप्पाच्या दवाखान्यात गेली. तो स्टुलावरून उठलाच नाही.

"काय ताई, आता काय खाल्लं आमी?"

"मलप्पा, ते तुकडे बाटलीत होते. तू टाकले होतेस. माझं तोंड चुकलं."

"मंग गेले कुठं?"

"पोचले. दुसऱ्या पत्त्यावर." मलप्पानं तिच्याकडं बघितलं, उठून स्टूल पुढं सरकवलं आणि चहा सांगितला.

तेव्हापासून लॅबमध्ये कुणीही बाटली घेऊन आलं, कुठल्याही दवाखान्याचा फोन आला, तरी सिंधुचं पहिलं वाक्य एकच असतं. "पाणी मांसासाठी हाय, तपासायचं मांस. घरच्यांना सांगितलं का?" समोरचा वैतागतो. ती पुन्हा विचारते.

उमाबाई वर्षश्राद्धाच्या आधी आली. ऋतुजाला मेडिकलला नंबर लागला नव्हता, बीएस्सीला टाकली होती, लातूरची खोली सोडली होती. चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग उमाबाई म्हणाली, "वन्सं, ते मास झालं का तपासून?"

मॅडमनी आधीच सांगितलं होतं की ठोकळा लॅबबाहेर जाणार नाही, तो नियम आहे, आणि सिंधुलाही तो नियम योग्यच वाटत होता. तिनं कपाट उघडलं. खणात शेकडो ठोकळे ओळीनं होते, उदगीर, मुखेड, देगलूर, सगळी गावं शेजारी शेजारी. एक काढून तिनं वहिनीपुढं धरला. पांढऱ्या मेणात राखाडी ठिपके दिसत होते.

"ह्यात हायत दादा. नासत न्हाई, सडत न्हाई. मी हाय तोवर कुठं जात न्हाई."

उमाबाईनं वाकून बघितलं. "मेनात ठिवलं व्हय? मंग लाईट गेल्यावर ध्यान ठिवा वन्सं. मानसं अंधारात मेनबत्ती हुडकतेत."

व्यंकट पुढच्या खोलीत फिसकन हसला. सिंधुही हसली. उमाबाईला हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही, पण तीही थोडी हसली. मग तिनं ठोकळा हातात घेतला आणि मूठ मिटली.

मुठीकडं बघत ती म्हणाली, "पयलं बी आसं मेनात राहिलं आसतं का?"

सिंधुनं खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण आता तोंडातून येईना. "हाव," ती म्हणाली.

"मंग म्या नेलं, त्यानं..." उमाबाईचं वाक्य तिथंच तुटलं. ती तशी अडाणी नव्हती. वर्षभर तिच्या डोक्यात काहीतरी फिरत असणार, सरळ विचारायला धजत नव्हती एवढंच.

"वहिनी," सिंधु म्हणाली, "चिमी तिथं एकटी होती. तुमी तिला सोबत दिली."

उमाबाईनं मान हलवली. पटलं म्हणून हलवली का ऐकलं म्हणून, ते सिंधुला समजलं नाही. वहिनीची मूठ मिटलेलीच होती. आतलं मेण मऊ पडत असणार. सिंधुनं खुर्ची ओढली, शेजारी बसली आणि वहिनी आपण होऊन मूठ उघडेपर्यंत वाट बघत राहिली.